अंगातले किरण

प्रयोगासाठी बीम मिळावा म्हणून बबितानं तीन वर्षं वाट पाहिली, आणि तो मंजूर झाला त्याच महिन्यात तिला दिवस गेले.

दिल्लीतल्या ज्या प्रयोगशाळेत ती होती तिथं एक मोठं त्वरक यंत्र आहे. त्यातून निकेलच्या अणूंचा झोत, म्हणजे बीम, सोडायचा, तो केसाहून बारीक पत्र्यावर आदळवायचा, आणि त्या धडकेतून अशी अणुकेंद्रकं घडवायची जी पृथ्वीवर कुठंच सापडत नाहीत. सापडणार कशी, घडली की संपतात. बबिताला ज्याचा शोध होता त्या केंद्रकात न्यूट्रॉन इतके कमी होते की पापणी लवायच्या आत ते एक प्रोटॉन बाहेर टाकून दुसरंच काही होऊन जायचं. पण तेवढ्या वेळात ते चुंबकांच्या रांगेतून पार होऊन सिलिकॉनच्या पातळ चकतीत रुतायचं. चकतीवर एक नोंद उमटायची, आलं. मग त्याच जागी दुसरी, गेलं. या दोन नोंदींमधला वेळ मोजायचा, हे तिचं काम. काही ताऱ्यांवर प्रचंड स्फोट होतात, त्यांत जड मूलद्रव्यं कुठवर घडत जातात ते अशा केंद्रकांच्या आयुष्यावर ठरतं. पण आजवर कुणी त्या एका केंद्रकाचं आयुष्य मोजलं नव्हतं.

बबिता लिंबागणेशजवळच्या वस्तीवरची. वडील म्हाळू मेंढ्या राखायचे, अजूनही राखतात. दिवाळी झाली की कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी, उतरायचं, पाऊस पडला की माघारी यायचं, असं त्यांचं वर्ष. आई मनकर्णा त्यांच्याबरोबर. बबिता आश्रमशाळेत राहून शिकली, पुढं संभाजीनगरला एम.एस्सी. केलं. तिथं तिच्या वर्गात भागवत होता. चौसाळ्याचा, त्यांच्याच समाजातला. त्याच्यासारखं समजावून सांगणं प्राध्यापकांनाही जमत नसे, परीक्षेच्या आधी निम्मा वर्ग त्याच्या खोलीवर पडलेला असायचा. ती दिल्लीला गेली, त्याला गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली. लग्न ठरलं तेव्हा त्यानंच घरात सांगितलं, हिचं काम सुटणार नाही, मी सुट्टीत जाईन, ती सुट्टीत येईल.

त्याची आई साखराबाई तेव्हा म्हणाल्या, "पर करती काय ती तिकडं?"

भागवत म्हणाला, "आई, दुनियेत कुठंच न्हाईत असल्या वस्तू ती पैदा करती. त्या पैदा झाल्या झाल्या मरत्यात. कशा मरत्यात, ते ही बघती."

"आगं बया! मरायच्याच तर पैदा कावून करायच्या?"

सगळे हसले होते, साखराबाईसुद्धा.

दिवस गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बबितानं सुरक्षा अधिकाऱ्याला सांगितलं. नियमच होता तसा. तिचं यंत्राच्या हॉलमध्ये जाणं बंद झालं. आधीचे काही आठवडे ती डिटेक्टर, म्हणजे ती सिलिकॉनची चकती, बसवायला आत होती, पण तेव्हा झोत बंद होता, आणि छातीवरच्या बॅजवर, जो अंगाला किती किरणोत्सर्ग लागला ते मोजतो, त्यावर काहीही उठलं नव्हतं. तिच्या सरांनी सांगितलं, घरी जा, आरोही इथं शिफ्ट बघेल, तू लॅपटॉपवरून जोडून घे. आरोही तिची ज्युनिअर. हुशार होती, पण तीन वर्षं तिनं वाट पाहिली नव्हती. डिटेक्टरची शेवटची वायर आरोहीच्या हातून लागताना बबिता काचेबाहेर उभी होती.

तिनं भागवतला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे धोका शून्य ना?" त्यानं विचारलं.

"शून्य असं आम्ही कधी म्हणत नाही. शून्य नसतं. पण तू रोज हायवेवरनं गाडी घेऊन कॉलेजला जातोस ना, त्याच्यापेक्षा कितीतरी कमी."

तो हसला. "बरंय. ये मग लवकर. आईनं आत्ताच गोधडी शिवायला घेतलीय."

चौसाळ्यात घरात नेटवर्क धड नव्हतं, गच्चीवर मिळायचं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी टाकून बबितानं लॅपटॉप उघडला. भागवतनं रजा काढली होती. फोनवर आरोही होती, तिच्या मागं पंपांची घरघर ऐकू येत होती. पडद्यावर नुसती एक जाळी होती, रिकामी. दुपारपर्यंत रिकामीच राहिली. सासरे आश्रुबा चहा घेऊन वर आले, पडद्याकडं बघून म्हणाले, "कायच दिसंना की गं." मागून साखराबाई आल्या. त्यांनी लांबूनच विचारलं, "त्या डब्यातनं हितं किरणं येत न्हाईत ना?"

"आई, हे निस्तं चित्र हाय," भागवत म्हणाला.

तेवढ्यात जाळीतल्या एका चौकटीत ठिपका उमटला, आणि लगेच त्याच चौकटीत दुसरा. फोनवर आरोही ओरडली. बबिताचे दोन्ही हात तोंडावर गेले. भागवतला कळलं काय झालं ते, घरातल्या कुणालाही कळलं नसतं असं कळलं. त्यानं आईबापांसमोर बायकोचा दंड घट्ट धरला आणि म्हणाला, "बबे, जगात पहिल्यांदा आपण बघितलं हे. चौसाळ्याच्या गच्चीवरनं."

झोताचे दिवस अजून संपायचे होते, तेव्हाच बबिताच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिनं कुणाला सांगितलं नाही. साडीवर डाग दिसला तेव्हा साखराबाईंनीच भागवतला हाक मारली.

बीडला दवाखान्यात डॉक्टर बाईंनी सोनोग्राफीचा पडदा हळूच आपल्याकडं वळवून घेतला, तेव्हाच बबिता समजली. पडद्यावर काय असायला हवं आणि काय नाही, ते ओळखण्यात तिची उमर गेली होती.

"ठोके नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं काही चुकलेलं नाही. पहिल्या महिन्यांत हे पुष्कळ बायकांना होतं. बहुतेक वेळा मुळात गर्भाची जुळणीच नीट झालेली नसते."

साखराबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. "बाई, ही तिकडं किरणांच्या मशीनवर काम करती. त्यानं झालं आसंल का?"

डॉक्टरांनी बबिताकडं पाहिलं. "बॅज असतो ना तुमचा? काय दाखवतो?"

"काही नाही."

"मग नाही, आजी. त्यानं नाही."

"थोडं बी न्हाई?"

बाहेर रांग होती. डॉक्टर म्हणाल्या, "थोडंबिडं काही नाही. घरी न्या, जपा हिला."

साखराबाईंनी खरंच जपलं. पहिले काही दिवस त्यांनी बबिताला पाण्यात हात घालू दिला नाही. बाळंतिणीला करतात तशी खसखशीची खीर केली, डोक्याला तेल घातलं, आणि तेल घालताना स्वतःच रडल्या. शिवायला घेतलेली गोधडी कुठंतरी नेऊन ठेवली, परत काढली नाही. त्या वाईट बाई नव्हत्या. पण मनात आलेलं त्यांना आत ठेवता येत नसे. बाजारात, गिरणीत, कुणी विचारलं की त्या सांगायच्या, काय झालं, कसं झालं, सून काय काम करती, डाक्टरीण काय म्हणाली. डॉक्टर काय म्हणाली नेमकं तेवढंच ऐकणाऱ्याच्या लक्षात राहायचं नाही.

मग गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी परदेशी अणुभट्टीचा, वेडीवाकडी वासरं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. खाली कुणीतरी लिहिलं, आपल्या गावात पण एक केस आहे. नाव नव्हतं लिहिलेलं. लिहायची गरज नव्हती. बबिता पहिल्यांदा घराबाहेर पडली ती दळण आणायला. गिरणीत एक ओळखीची बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. बबिता शेजारी येऊन उभी राहिली, तशी ती हसली, "कशी हाय तब्येत?" म्हणाली, आणि लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग दोन पावलं सरकली.

भागवतची धाकटी बहीण संस्कृती गरोदर होती, सातवा महिना. तळवाड्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. तिला बबिता आवडायची. दुपारी ती वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि म्हणायची, "वयनी, दिल्लीचं सांगा ना कायतरी." बबिता सांगायची. पोटावर हात ठेवून बाळ लाथ मारतं ते दाखवायची संस्कृती, मग एकदम गप्प व्हायची, वहिनीला वाईट वाटेल म्हणून.

एका दुपारी संस्कृतीची सासू सत्यभामाबाई गाडी करून तळवाड्याहून आल्या, बरोबर त्यांचा मुलगा. पाणी घेतलं, चहा घेतला नाही.

"आमी काय भांडाय आलो न्हाई, साखराबाई," त्या म्हणाल्या. "पर आमचं पयलं नातवंड हाय. लोक बोलत्यात तुमच्या सुनंच्या अंगात किरणं हाईत म्हनून. एकाची लागून दुसऱ्याला बी लागत्यात म्हणं. खरं का खोटं तेवढं सांगा. खरं आसंल तर संस्कृतीला आत्ता गाडीत घालून नेतो."

"खोटं हाय सगळं," आश्रुबा म्हणाले.

"तुमाला काय म्हाईत, मामा? तुमी कुठं शाळा शिकलाव? भागवत मास्तर हाय, त्यालाच इचारा."

बबिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला त्या क्षणी जिवाला बरं वाटलं, हे नंतर तिला आठवायचं आणि लाज वाटायची. कारण याच महिन्यात भागवत बारावीला हाच धडा शिकवत होता. तो वर्गात काय सांगायचा तेही तिला माहीत होतं. बल्बच्या उजेडात बसलात म्हणून तुम्ही अंधारात चमकता का रे? मग किरणांसमोरून गेलेला माणूस किरणं घेऊन फिरतो, हे कुणी सांगितलं तुम्हाला? पोरं हसायची. तो हे त्याच सुरात आत्ता सांगेल आणि सत्यभामाबाई चहा घेतील, असं तिला वाटलं.

भागवत म्हणाला, "तसं काही नसतं."

"मंजी न्हाईच? कायच न्हाई? माझ्या सुनंच्या पोटाला हात लावून सांगतूस का?"

त्यानं संस्कृतीकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर. मग आईकडं पाहिलं. साखराबाईंचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"आता नक्की म्हणजे..." तो म्हणाला. "शून्य धोका असं कुणीच म्हणत न्हाई. बबिता स्वतःच म्हणती. शून्य नसतं."

सत्यभामाबाईंनी मुलाकडं बघून मान हलवली. "झालं मंग."

"अहो," बबिता दारातून म्हणाली. सासू-सासऱ्यांसमोर ती त्याला अहोच म्हणायची. "ते मी कशाबद्दल म्हणाले होते? या विचारतायत, माझ्यापासनं दुसऱ्याला लागतं का. एवढंच विचारतायत. वर्गात सांगता तेच सांगा की."

भागवतनं तिच्याकडं पाहिलं नाही. "तू आत जा जरा."

आणि मग साखराबाईंच्या तोंडून ते निघालं. "तिकडं पैदा करायचं आन् मारायचं. त्येच हितं घिऊन आलीस का गं माझ्या घरात?"

बोलल्या आणि त्यांनीच पदर तोंडात कोंबला. पण बोलून झालं होतं. संस्कृती रडायला लागली. सत्यभामाबाई उठून तिच्याजवळ गेल्या, तिच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या.

संस्कृतीला नेलं नाही. तिचं बाळंतपण होईपर्यंत बबितानं शेतावरच्या खोलीत राहायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगता येणार नाही. संध्याकाळपर्यंत सगळे तसं धरून बोलायला लागले होते.

भागवतनंच तिला गाडीवर सोडलं. मधे गाठोडं ठेवलं होतं.

खोली एकच, पत्र्याची. एका बाजूला कापसानं भरलेली बोथरी, मोठाली पोती, मोटारीचा स्टार्टर, कोपऱ्यात फवारणीचा पंप आणि औषधांचे डबे. काहींची झाकणं नीट लागत नव्हती. भागवतनं गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि पाण्याची बाटली तिच्या हातात न देता दगडावर ठेवली. त्याच्या ते लक्षात आलं नसावं. तिच्या आलं. गेले काही दिवस तो गच्चीवर झोपत होता, गरम होतं म्हणून.

"थोडे दिवस," तो म्हणाला. "संस्कृतीचं सुखरूप होऊन जाऊ दे."

"तुला खरंच वाटतं तसं?"

"मला नाही वाटत, बबे. खरंच नाही. पण समज, काही झालं तर? आई जन्मभर मला म्हणेल, तू मास्तर होतास, तू सांगितलंस म्हणून आम्ही ऐकलं."

"आणि काही नाही झालं तर?"

"मग चांगलंच की."

"मग म्हणतील, हिला लांब ठेवलं म्हणून झालं नाही. झालं तरी मी, नाही झालं तरी मीच. तुला कळतंय ना? तुला तर कळायला पाहिजे."

तो खाली बघत चपलेनं ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, "आबा डबा आणतील," आणि गाडीला किक मारली.

आश्रुबा रोज डबा आणायचे. बांधावर ठेवून निघून जायचे नाहीत, जवळ बसायचे, तिचं जेवण होईपर्यंत. एकदा म्हणाले, "मला पटत न्हाई ह्ये. पर घरात माझं कुणी ऐकत न्हाई." त्यांचं कुणी ऐकत नाही हे खरं होतं, आणि तेवढ्यावर ते थांबायचे हेही खरं होतं.

औषधांच्या वासानं तिचं डोकं दुखायचं. लाइट असली की ती लॅपटॉप लावायची. आरोहीनं सगळा डेटा पाठवला होता. ती एकेक नोंद उलगडून बघायला बसली, दुसरं करायला काही नव्हतं. आणि काही दिवसांत तिला दिसलं की यातल्या निम्म्याहून जास्त जोड्या खोट्या आहेत. चकतीच्या एका पट्टीचं सर्किट बिघडलेलं होतं, एकदा वाजलं की स्वतःच पुन्हा वाजत होतं. आलं आणि गेलं असं दिसत होतं, पण तिथं कुणी आलंच नव्हतं. उरलेल्या जोड्या खऱ्या असतील, पण तेवढ्यांवर दावा करता येत नव्हता. गच्चीवर पाहिलेली ती पहिली जोडी कोणत्या पट्टीवरची होती ते तिनं तपासलं. बिघडलेल्याच पट्टीवरची होती.

तिनं सरांना फोन केला. सरांनी पट्टीचा नंबर पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "बाकी कुणाच्या लक्षात आलं असतं का?"

"माहीत नाही. माझ्या आलंय."

"मग पुन्हा बीम मागावा लागेल. पुन्हा रांग."

"हो, सर."

चतुर्थीला लिंबागणेशच्या देवळात चौसाळ्याची माणसं गेली होती, त्यांच्याकडून म्हाळूंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते दुधाच्या टेम्पोत बसून आले, चौसाळ्याच्या घरी गेलेच नाहीत, थेट शेतावर आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आत येऊन त्यांनी सगळीकडं पाहिलं. डबे पाहिले, बोथरी पाहिली.

"हितं निजतीस?"

"हां."

"चल."

ती उठली नाही. कुणीतरी चल म्हणावं म्हणून ती इतके दिवस बसली होती, आणि आता तिचे पाय उचलत नव्हते. म्हणाली, "दादा, लोक काय म्हणत्यात ते ऐकलं ना तुमी? तुमाला भ्या वाटत न्हाई?"

म्हाळूंनी जरा विचार केला.

"वाटतं की," ते म्हणाले. "थोडं वाटतं. मला काय त्यातलं कळतंय? चल, पिशवी दे हिकडं."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि तिचा हात धरून तिला उठवलं. टेम्पो निघून गेला होता. ते दोघं हायवेपर्यंत चालत गेले. वाटेत ती रडत होती, म्हाळू काठी टेकत शेजारून चालत होते. एकदा फक्त काठीनं रस्त्याकडंची बाभूळ दाखवून म्हणाले, "शेंगा चांगल्या धरल्यात."

आईजवळ ती काही आठवडे राहिली. मनकर्णानं काही विचारलं नाही, रात्री तिला कुशीत घेऊन निजायची, लहानपणी पालावर घ्यायची तसं. अंगात बळ आलं तशी बबिता दिल्लीला गेली.

संस्कृतीला मुलगा झाला. तीन किलोचा, धडधाकट. चौसाळ्यात पेढे वाटले. सत्यभामाबाई चारचौघींत म्हणाल्या, बरं झालं वेळेत सोय केली, न्हाईतर काय घडलं आसतं देव जाणे. सगळ्यांना ते पटलं. ते न पटण्यासारखं काही घडलंच नव्हतं. संस्कृतीनं बबिताला बाळाचा फोटो पाठवला आणि थोड्या वेळानं पुसून टाकला. पण तेवढ्यात बबितानं पाहिला होता.

भागवतचे फोन यायचे. आधी रोज, मग आठवड्याला. शेवटी तो बोलायचं ते बोलला. "ती नोकरी सोड. इथं कॉलेजात जागा निघतेय, दोघं शिकवू. मग लोक विसरतील."

"काय विसरतील?"

"तेच."

"तू एकदा सगळ्यांसमोर सांग. तुझ्या आईसमोर, सत्यभामाबाईंसमोर. माझ्यापासनं कुणाला काही लागत नव्हतं, आणि ते मूल माझ्या कामानं गेलं नाही. एवढं सांग, मग पुढचं बोलू."

"आता ते सगळं मिटलंय बबे, कशाला उकरायचं?"

"मिटलं नाही. तू मिटवलंस."

तो म्हणाला, तुला फक्त स्वतःचं खरं करायचं असतं. तिनं फोन ठेवला. कधीकधी तिला वाटायचं, गच्चीवर दंड धरणारा भागवत खरा होता का? खरा होता, हे तिला माहीत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. वर्षभरात कोर्टात जाऊन दोघं वेगळे झाले. भांडण असं झालंच नाही. साखराबाई एकदा फोनवर आल्या होत्या, नुसत्या रडल्या आणि ठेवला.

पुढचा बीम मिळाला तेव्हा बबिता हॉलमध्ये होती. डिटेक्टरच्या सगळ्या पट्ट्या तिनं स्वतः तपासल्या, शेवटची वायर स्वतः लावली. या वेळी जोड्या खऱ्या निघाल्या, पुरेशा निघाल्या. केंद्रकाचं आयुष्य मोजलं गेलं. आरोहीनं केक आणला. बबितानं एक तुकडा खाल्ला आणि खोलीवर जाऊन दिवसभर झोपून राहिली. काय वाटायला हवं होतं ते तिला आठवेना.

बीडच्या एका पेपरात बातमी आली. मेंढपाळाच्या लेकीनं जगात पहिल्यांदा असं काहीतरी मोजलं. दुर्मिळ धातू शोधला असं त्यांनी छापलं होतं, पण फोटो चांगला होता. भागवतच्या कॉलेजचे संस्थाचालक मोहनराव यांनी लगेच सत्कार ठरवला. "आमच्या चौसाळ्याची सून," ते फोनवर म्हणाले. कुणीतरी मागून कुजबुजलं, तसं त्यांनी सुधारून "आमच्या जिल्ह्याची कन्या" केलं. बबितानं सांगितलं, येता येणार नाही. मोहनरावांनी कार्यक्रम रद्द केला नाही. जीप पाठवून म्हाळूंना आणलं.

म्हाळूंचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ते माळावर होते, वारा ऐकू येत होता.

"शाल दिली. नारळ दिला. लई मोठा मांडव व्हता."

"कोण कोण होतं?"

"समदं गाव व्हतं. तुझी सासू व्हती पुढं बसलेली. भागवतनं भाषान केलं, तुझ्या कामाचं. लई चांगलं बोलला त्यो. तारं कशे फुटत्यात, त्यातनं काय काय निघतं. मला निम्मं कळलं न्हाई, पर लोक टाळ्या वाजवीत व्हते. सासूच्या डोळ्याला पाणी आलं तुझ्या."

बबितानं विचारलं, "किरणांचं काय बोलला का, दादा? कुणाचे कुणाला लागत न्हाईत, असं?"

म्हाळूंनी आठवून पाहिलं.

"न्हाई. त्येवढं न्हाई बोलला."

"बरं."

"संस्कृतीचं पोरगं बी आणलं व्हतं. चालतंय आता. माझ्या काठीकडं आलं चालत, तर म्हनलं घ्यावं जरा कडंवर. मी हात पुढं केले आन् तिच्या सासूनं पोरगं झपदिशी मागं वढलं." मग त्यांनी विचारलं, "कावून वढलं आसंल गं?"

"पोरगं नवख्या माणसाला भेत आसंल, दादा," बबिता म्हणाली.

"हां," म्हाळू म्हणाले, "तसंच आसंल," आणि मेंढ्या पिकात शिरतायत म्हणून त्यांनी फोन ठेवला.